बाहुलीला हाडं कोण देतं?

मुलं पडद्यासमोर बसली की आपल्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘पुरे झालं ते कार्टून!’ बोलणं रास्तच आहे. पण मैत्रिणींनो, एखाद्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवून त्या कार्टूनमधल्या मांजराकडे दोन मिनिटं नीट पाहा. चालताना त्याचा एक खांदा वर येतो, दुसरा खाली जातो. वळताना आधी मान वळते, मग पाठ, आणि शेपूट सगळ्यांत शेवटी. उडी मारण्याआधी ते किंचित खाली दबतं. अगदी ओट्याखाली दुधावर टपून बसणाऱ्या मांजरासारखं! हे मांजर कुणी कॅमेऱ्यानं टिपलेलं नाही. मुळात ते कुठं नाहीच. मग त्याच्या अंगात हे हाडामांसाचं वळण आलं कुठून?

‘असेल काहीतरी कॉम्प्युटरचं,’ असं म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका. आज ना उद्या तो तुमच्याही घरात येईल. दहावी-बारावीतली मुलगी किंवा मुलगा एके दिवशी म्हणेल, ‘आई, मला ॲनिमेशन शिकायचंय.’ मग क्लासचं गुळगुळीत माहितीपत्रक घरात येईल आणि त्यावरचा फीचा आकडा वाचून सगळ्यांचे चेहरे बदलतील. कुणी म्हणेल, ‘चित्रं हलवून कधी पोट भरतं का?’ कुणी लगेच बँकेतली ठेव मोडायला निघेल. अशा वेळी या विषयातल्या चार गोष्टी ठाऊक असलेलं एक तरी माणूस घरात हवं. ते तुम्हीच का असू नये?

एक बाई आणि तिची कात्री

गोष्ट सुरू होते ती संगणकाच्या कितीतरी आधी. जर्मनीत लोटे रायनिगर नावाची एक तरुणी होती. तिचा हात कात्रीवर असा बसला होता, की काळ्या जाड कागदातून राजपुत्र, परी, घोडा, राक्षस ती भराभर कापून काढी. पण अख्खी आकृती ती एका तुकड्यात कापत नसे. दंड वेगळा, पुढचा हात वेगळा, पंजा वेगळा. मांडी वेगळी, पोटरी वेगळी. हे तुकडे सांध्यांवर बारीक तारेनं जोडायचे. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ती आकृती ठेवायची, हात केसभर हलवायचा, वरच्या कॅमेऱ्यानं एक फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा फोटो. पती आणि काही सहकारी यांच्या मदतीनं अशी तीन वर्षं खपून तिनं १९२६ साली ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ हा तासाभराहून थोडा मोठा चित्रपट पुरा केला. आज उपलब्ध असलेला जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तो हाच.

आपल्याकडेही ही अक्कल जुनीच आहे बरं का! सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचवत आले. त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीचे सांधे मोकळे ठेवायचे आणि दोरी अशा जागी बांधायची, की ती ओढल्यावर नुसता हात उचलला न जाता नमस्कार झालेला दिसावा. रायनिगरबाईंची तार काय आणि आपल्या कलावंतांची दोरी काय, दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. आकृती जिवंत वाटायची तर तिला सांधे द्यावे लागतात.

पुढं अमेरिकेत हातानं चित्रं काढून मोठमोठे ॲनिमेशनपट होऊ लागले. तिथं बायका होत्या का? होत्या की, पुष्कळ होत्या! १९३७ साली डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ आला. त्या काळात त्यांच्याकडे शाईनं गिरवण्याचा आणि रंग भरण्याचा एक स्वतंत्र विभागच होता, आणि तो जवळजवळ सगळा बायकांचा. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक पत्र्यांवर गिरवायची आणि मागून रंगवायची. काम अतिशय नाजूक, डोळे शिणवणारं. पण पात्रानं कसं चालायचं आणि कसं रडायचं हे ठरवणाऱ्या खोलीत मोजके अपवाद सोडले तर बायकांना जागा नव्हती. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढं तिचा संबंध आहे.

ठिपक्यांची रांगोळी आणि आतला सांगाडा

आता संगणकातल्या मांजराकडे वळू. त्याचं अंग म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच समजा. फरक एवढाच, की हे ठिपके जमिनीवर नसून हवेत, चारी अंगांनी मांडलेले असतात. ठिपके रेघांनी जोडले की जाळी तयार होते, आणि जाळीवर रंग, केस, चट्टेपट्टे चढवले की मांजर दिसू लागतं. पण हजारो ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका हातानं हलवत बसलं तर एक पाऊल पुढं टाकायलाच महिना जाईल!

म्हणून त्या जाळीच्या आत एक सांगाडा बसवतात. त्याच्या हाडांना खरोखरच ‘बोन’ म्हणतात. खांद्याला दंड, दंडाला पुढचा हात, त्याला पंजा, पंजाला बोटं, अशी ती एकमेकांना बांधलेली असतात. खांदा हलला की त्याच्या मागोमाग बोटांपर्यंत सगळं हलतं. बोट हललं म्हणून खांदा मात्र हलत नाही. गंमत म्हणजे या नात्याला संगणकाच्या भाषेतही ‘पालक’ आणि ‘मूल’ असंच म्हणतात. पालक हलला की मुलानं हलायचं! (आपल्या घरात नेमकं उलटं असतं, असं तुम्ही म्हणाल.) त्या उलट प्रकाराचीही सोय आहे. पंजा धरून ओढला की कोपर आणि खांदा आपोआप योग्य तेवढे वळतात, मुलानं पदर ओढला की आईनं वाकावं तसे. पाय जमिनीवर घट्ट टेकवून ठेवायचा असला की ही युक्ती फार उपयोगी पडते.

आता कातडीचा प्रश्न. प्रत्येक ठिपक्याला सांगावं लागतं, बाबा रे, तू कोणत्या हाडाचं ऐकायचंस आणि किती. दंडाच्या मधला ठिपका पूर्णपणे दंडाचं ऐकतो. कोपरावरच्या ठिपक्याची मात्र दोन्हीकडून ओढाताण असते. त्यानं थोडं दंडाचं ऐकायचं, थोडं पुढच्या हाताचं. म्हणजे निम्मं-निम्मं, किंवा तीस आणि सत्तर. हे प्रमाण चुकलं की कोपर दुमडताना पाण्याच्या नळीसारखं चपटं होतं. मनगट पिळलं तर गोळीच्या कागदासारखा पीळ पडतो. या दोषाला ॲनिमेशनवाले ‘गोळीचा कागद’ असंच म्हणतात. त्यावर पुढं गणितज्ञांनी उपाय काढले, पण प्रमाण नीट बसवण्याचं काम अजूनही नजरेचं आणि चिकाटीचं आहे. ब्लाउजचा मुंढा बसवताना खांद्यात चुणी कुठं पडते हे ज्या बाईला पाहताक्षणी कळतं, तिला हे काम परकं वाटणार नाही.

सांगाडा आणि कातडी जमली की मग हालचाल. चित्रपटात एका सेकंदाला साधारण २४ चित्रं सरकतात. ती सगळी कुणी हातानं मांडत नाही. माणूस मुख्य मुख्य मुद्रा ठरवतो. पाय पुढं टेकला ती एक, भार त्यावर आला ती दुसरी, मागचा पाय उचलला ती तिसरी. मधल्या जागा संगणक भरतो. पूर्वी ही मधली चित्रं हाताखालचे चित्रकार दिवसचे दिवस काढत बसत.

तयार भाजणी

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं गणित प्रत्येक खेळ बनवणारा, प्रत्येक चित्रपटवाला नव्यानं मांडतो की काय? मांडत असत, एके काळी! आणि मोठमोठ्या कंपन्या आपापलं गणित कुलूपबंद ठेवत. स्वाभाविकच आहे, त्यावरच त्यांचा धंदा चालायचा.

पण काही मंडळींनी वेगळा विचार केला. ‘वर्ल्डफोर्ज’ नावाचा एक प्रकल्प होता. अनेकांना एकत्र खेळता येतील असे खेळ सर्वांसाठी खुले बनवायचे, असं ठरवून हौशी लोक त्यात स्वतःच्या वेळेत काम करत. त्या खेळातली पात्रं हलवायला काहीतरी हवं होतं. त्यासाठी ब्रुनो हाइडेलबर्गर या प्रोग्रॅमरनं ‘कॅल थ्री-डी’ नावाची लायब्ररी लिहिली. तिच्या मूळ मजकुरावर २००१ आणि २००२ ही सालं आहेत.

लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकालय नव्हे हं. लायब्ररी म्हणजे तयार भाजणी! धान्यं निवडून, भाजून, दळून ठेवलेली. तिची तुम्ही चकली करा, थालीपीठ लावा, नाहीतर कडबोळी वळा. प्रत्येक वेळी तांदूळ-डाळी भाजण्यापासून सुरुवात करायला नको. तसंच इथं. सांगाडा सांभाळणं, ठिपक्यांची ओढाताण सोडवणं, हालचाली जुळवणं एवढं काम कॅल थ्री-डीनं करायचं. ठिपके कुठं गेले ते ती सांगणार. पुढं ते पडद्यावर कसे रंगवायचे ते ज्याचं त्यानं पाहावं. त्यामुळं ती कोणत्याही प्रकारच्या संगणकावर, कोणत्याही खेळात घालता येई.

तिच्यातल्या दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तिच्यात एक चक्क ‘मिक्सर’ आहे. चालणं, धावणं, उभं राहणं या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली एकीकडे, आणि हात हलवणं, उडी मारणं या एकदाच होणाऱ्या दुसरीकडे. चालणारं पात्र धावू लागताना चालणं हळूहळू कमी करायचं आणि धावणं हळूहळू वाढवायचं. मध्ये कुठं धक्का जाणवत नाही. दोन्ही सारखीच घातली तर लगबगीची चाल निघते, लोकल पकडायला निघालेल्या आपल्यासारखी. चालता चालता हात हलवायचा असेल तर तेही वरून मिसळता येतं.

दुसरी युक्ती काटकसरीची. खेळात शंभर सैनिक दाखवायचे असले तर शंभर सांगाडे आणि शंभर कातड्या साठवायच्या नाहीत. मूळ बेतणी एकच ठेवायची आणि तिच्यावरून हवी तेवढी पात्रं उभी करायची. प्रत्येकानं आपापल्या परीनं चालावं, पण मूळ कापलेला कागद एकच. शिवणाच्या क्लासला गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला नकोच!

ही भाजणी वर्ल्डफोर्जपुरती राहिली नाही. ‘आयएमव्हीयू’ नावाच्या गप्पांच्या जागेतही ती वापरली गेली. तिथं प्रत्येकाची एक हलतीबोलती बाहुली असते, आणि तिच्यासाठी कपडे, केशरचना, दागिने सभासदच बनवून एकमेकांना विकतात. कुणा एकाच्या हौशी खेळासाठी केलेलं काम अशा ठिकाणी पोचलं, कारण ते कुलपात ठेवलेलं नव्हतं.

विरजण मागावं तसं

आता मुख्य मुद्दा. या प्रकारच्या सॉफ्टवेअरला ‘ओपन सोर्स’, म्हणजे खुलं किंवा मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळ लोक त्याचा अर्थ नुसता ‘फुकट’ असा लावतात. तो अपुरा आहे.

घरात दही संपलं की आपण शेजारी वाटी घेऊन जातो, ‘जरा विरजण देता का?’ शेजारीण चमचाभर देते. तिचं काही कमी होत नाही. आपण आपल्या दुधाला लावतो, आपल्या घरच्या चवीचं दही होतं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या घरून वाटी येते, तेव्हा आपणही नाही म्हणत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं तंतोतंत असंच आहे. ते कुणीही वापरावं, आत काय आहे ते उघडून वाचावं, आपल्याला हवं तसं बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं. ‘जीपीएल’ नावाच्या परवान्यात तर अशी अटच असते, की बदललेलं विरजण दुसऱ्याला दिलंत तर त्याच मोकळ्या अटींवर द्यायचं. घेताना उघडं आणि देताना कुलूपबंद, असं चालायचं नाही. कॅल थ्री-डीचा परवाना याच घराण्यातला, पण थोडा सैल आहे. ती लायब्ररी आपल्या बंद प्रोग्रॅममध्येही वापरता येते, मात्र खुद्द तिच्यात केलेल्या सुधारणा वाटून द्याव्या लागतात.

पण विरजण कुणीतरी लावत राहिलं पाहिजे ना? कॅल थ्री-डीचं काम हौशी हातांवर चाललं होतं. ते हात दुसऱ्या उद्योगांना लागले आणि गेली कित्येक वर्षं तिच्यात फारशी भर पडलेली नाही. मजकूर अजून खुला आहे, कुणालाही वाचता येतो. पण नव्यानं शिकणाऱ्या मुलीला मी तिच्या वाटेला जायला सांगणार नाही. तिच्यासाठी याच वाटेवरचं दुसरं, भरल्या घरासारखं नांदतं उदाहरण आहे. त्याचं नाव ब्लेंडर.

वर्गणी काढून सोडवलेलं सॉफ्टवेअर

नावावरून मिक्सरचा भाऊ वाटेल, पण ब्लेंडर म्हणजे त्रिमिती ॲनिमेशनचं अख्खं स्वयंपाकघर. आकृती घडवणं, हाडं बसवणं, हलवणं, उजेड पाडणं, चित्रपट जोडणं हे सगळं एकाच ठिकाणी होतं. नेदरलँड्समधल्या टॉन रोझेंडाल यांनी १९९४ साली तो लिहायला घेतला, आपल्या स्टुडिओच्या घरगुती वापरासाठी. १९९८ मध्ये त्यावर एक कंपनी निघाली. २००२ साली ती बुडाली आणि प्रोग्रॅम गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकला.

इतर कुणी असता तर हात टेकले असते. रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं, किती दिलेत तर हा सगळ्यांसाठी मोकळा कराल? आकडा ठरला १ लाख युरो. मग त्यांनी जगभरातल्या वापरणाऱ्यांना हाक घातली. कुणी पाच दिले, कुणी पन्नास. अवघ्या ७ आठवड्यांत रक्कम उभी राहिली! १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून विहीर खोदावी आणि तिच्यावर सगळ्यांनी पाणी भरावं, तसला हा प्रकार.

विहिरीचा गाळ काढणं आलंच. त्यासाठी एक प्रतिष्ठान आहे, आणि त्याला वैयक्तिक वर्गणीदारांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत अनेकजण पैसे देतात. २०१९ साली एपिक गेम्स या खेळांच्या कंपनीनं तर १२ लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलं. याशिवाय ही मंडळी अधूनमधून स्वतः छोटे चित्रपट करतात आणि नुसता चित्रपट नव्हे, तर त्यातली पात्रं, त्यांची हाडं, त्यांच्या हालचाली असं सगळं सामान वाटून टाकतात. २००६ चा ‘एलिफंट्स ड्रीम’, २००८ चा लठ्ठ सशाचा ‘बिग बक बनी’, २०१० चा ‘सिंटेल’ हे त्यातलेच. त्या सशाला उघडून त्याच्या कानात किती हाडं आहेत ते तुमची मुलगी आज संध्याकाळी घरी बसून मोजू शकते.

याचं फळ सगळ्या जगानं पाहिलं ते २ मार्च २०२५ रोजी. त्या दिवशी ‘फ्लो’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशाचं हे पहिलंच ऑस्कर. पुरात सापडलेलं एक काळं मांजर आणि होडीत त्याच्याबरोबर आलेले इतर प्राणी यांची ही गोष्ट. चित्रपटभर एकही संवाद नाही. जे काही कळतं ते प्राण्यांच्या मानेच्या, कानाच्या आणि शेपटीच्या वळणातून. म्हणजे सगळी भिस्त हाडांवरच! आणि दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी तो बनवला ब्लेंडरमध्ये. त्याच्या बरोबरीनं हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंचे ‘इनसाइड आउट २’ आणि ‘द वाइल्ड रोबोट’ स्पर्धेत होते.

पण फुकट म्हणजे सोपं नव्हे

आता उत्साहाच्या भरात कुणी असा समज करून घेऊ नका, की ब्लेंडर उतरवून घेतला की मुलगी ऑस्करला निघाली. ‘फ्लो’ला साडेपाच वर्षं लागली. खर्च सुमारे ३५ लाख युरो आला. हॉलिवूडच्या मानानं तो किरकोळ, पण ती रक्कम माणसांच्या श्रमाची होती. हत्यार फुकट असलं तरी हात फुकट नसतो. कढई उसनी मिळाली म्हणून जिलबी जमतेच असं नाही.

तरीही एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी मोठ्या स्टुडिओच्या दारातून आत गेल्याशिवाय ही हत्यारं दिसत नसत, आणि आत गेलेल्या बाईच्या हाती रंगाचा कुंचलाच मिळे. त्यानंतर हत्यारं बाजारात आली तरी त्यांचं वर्षाचं भाडं साध्या घराला पेलणारं नव्हतं. काही कंपन्या विद्यार्थ्यांना सवलत देतात, पण शिक्षण संपलं की तीही संपते. चोरून घेतलेल्या प्रतींवर शिकणारी मुलं कमी नाहीत. त्यात कायद्याचा धोका आहे आणि संगणकात व्हायरस शिरण्याचाही. आज मात्र पात्राला हाडं द्यायची तीच सामग्री ऑस्करवाल्याकडे आहे आणि तीच, अगदी तीच, इचलकरंजीतल्या मुलीलाही मिळू शकते. तिला कुणाची परवानगी लागत नाही. घरातल्यांची लागते, आणि तिथंच तुमचं काम सुरू होतं.

ठेव मोडण्याआधी

‘हो’ म्हणण्याआधी आणि ‘नाही’ म्हणण्याआधीही, एवढं करून पाहा.

१. आधी तीन महिने घरच्या घरी. ब्लेंडर त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्या. कुणी त्याचे पैसे मागितले तर देण्याचं कारण नाही. ताज्या आवृत्तीला निदान ८ जीबी रॅमचा संगणक लागतो, अगदी जुना चालत नाही. मधलं चाक असलेला माउस जरूर घ्या. त्याच्याशिवाय काम करणं म्हणजे लाटण्याशिवाय पोळ्या करण्यासारखं आहे.

२. शिकवणी मोफत मिळते. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. त्यात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे बोलके पाठ आहेत आणि त्यात ब्लेंडरही आहे. त्यांच्या अनेक विषयांचं निवेदन मराठीसह भारतीय भाषांत केलेलं आहे.

३. तीन धडे, याच क्रमानं. पहिल्यांदा उसळणारा चेंडू. तो रबरी वाटतो की लोखंडी, हे न सांगता बघणाऱ्याला कळलं पाहिजे. मग झुलणारी शेपटी, बुंध्यापासून टोकापर्यंत लहर पोचणारी. शेवटी माणसाची चाल. ॲनिमेशन शिकणाऱ्या सगळ्यांनाच हे धडे चुकलेले नाहीत.

४. तिच्याकडे लक्ष ठेवा, निकालाकडे नको. चाल बिघडली म्हणून ती रडून उठते, का पुन्हा पहिल्यापासून बसते? जिन्यावरून चढणाऱ्या आजोबांच्या गुडघ्याकडे ती आता निरखून पाहू लागली आहे का? तसं असेल तर आवड खरी समजा. नुसतं कार्टून पाहायला आवडणं निराळं. जेवायला आवडणाऱ्या प्रत्येकाला स्वयंपाक आवडतो थोडाच!

५. मगच क्लासचं पाहा. तीन महिन्यांत केलेलं काम घेऊन मुलीसह तिथं जा. शिकवणारे कोण आहेत, त्यांनी स्वतः काय केलं आहे, मागच्या मुलांची कामं दाखवाल का, एवढं विचारा. फी टप्प्याटप्प्यानं घेता का आणि मध्येच सोडलं तर परत किती मिळते, हे लेखी मागा. ‘शंभर टक्के नोकरी’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर चहा न घेता उठा. या धंद्यात प्रमाणपत्रापेक्षा स्वतःच्या कामाची दोन मिनिटांची चित्रफीत जास्त बोलते.

६. मोठ्या संस्थांची वाटही माहीत असू द्या. मुंबईच्या आयआयटीत ‘आयडीसी’ हा डिझाइनचा विभाग आहे, अहमदाबादला ‘एनआयडी’ आहे. दोन्हीकडे ॲनिमेशन शिकवतात. प्रवेशपरीक्षा कठीण असतात. पण घरी केलेला सराव तिथं वाया जात नाही.

आणि मैत्रिणींनो, हे सगळं मुलांसाठीच का? दुपारी तासभर मोकळा मिळत असेल, विणकामाच्या टाक्यांत किंवा रांगोळीच्या ठिपक्यांत तुमचं मन रमत असेल, तर तुम्हीच का बसू नये? सुरुवातीला पडद्यावरची बटणं पाहून छाती दडपेल. पण पहिल्यांदा प्रेशर कुकरची शिट्टी झाली तेव्हाही आपण दचकलोच होतो! रोज एक बटण शिकलं तरी वर्षाकाठी पुष्कळ होतं. नातवाच्या गोष्टीतला चिमणा आणि कावळा आजीनं स्वतः उडवून दाखवला तर त्या पोराचे डोळे कसे होतील, जरा मनाशी आणून पाहा.

मात्र एक पथ्य पाळा. इथं शिकलेलं, बनवलेलं, जमलेलं शेजारच्या मुलीलाही दाखवा. एखादं पात्र छान हलू लागलं तर त्याचा सांगाडा तिलाही वापरायला द्या. अडलं तिथं काय केलंत ते मराठीत लिहून ठेवा, कारण मराठीत लिहिलेलं या विषयात फार थोडं आहे. विरजण घेतलं की एक वाटी पुढच्या घरी द्यायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.